रेसिंग ड्रायव्हरचं पेज कसं चालवावं: एका फ्लेक्सवाल्याचे धडे

माझा धंदा फ्लेक्सचा. कोल्हापुरात दुकान आहे. वाढदिवस, निवडीबद्दल अभिनंदन, भावी नगरसेवक, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं माझ्याच मशीनमधून बाहेर पडतं. या धंद्यात पंधरा वर्षांत एकच व्याकरण शिकलो: चेहरा मोठा, नाव त्याहून मोठं, आणि शुभेच्छुक खाली पासपोर्ट साइजमध्ये.

चार वर्षांपूर्वी मामेभावाचं इन्स्टाचं पेज माझ्या गळ्यात पडलं. तो तेव्हा कार्ट, म्हणजे छोटी उघडी रेसिंगची गाडी पळवायचा, आता सिंगल सीटर, म्हणजे एकाच माणसाची मोठी रेसिंग गाडी पळवतो. घरात ‘कॉम्प्युटरमधलं कळणारा’ मी एकटाच, म्हणून मामांनी फोन माझ्या हातात दिला. पहिली पोस्ट मी अर्थातच फ्लेक्ससारखीच केली. मागे ज्वाळा, मध्ये हेल्मेट घातलेला आमचा गडी, खाली सोनेरी अक्षरात ‘वेगाचा बादशहा’. एक्केचाळीस लाईक आले, त्यातले निम्मे पाहुण्यांचे. आणि मामींनी फोन डोळ्यांजवळ धरून विचारलं, “ह्यात आपला कुठला रे?”

फोटोत पाच हेल्मेटं होती. मी चुकीच्या हेल्मेटामागे ज्वाळा लावल्या होत्या.

घरात कुणी पोरगं-पोरगी कार्टिंग किंवा रेसिंग करत असेल आणि त्याचं पेज तुमच्याकडे आलं असेल, तर मामींचा तो प्रश्न कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. क्रिकेटवाल्याचा चेहरा दिसतो, घाम दिसतो, झेल सुटल्यावर डोक्याला लावलेला हात दिसतो. आमच्याकडच्या तालमीतला पैलवान तर नखशिखांत दिसतो. रेसिंग ड्रायव्हर काहीच दाखवत नाही. चेहरा हेल्मेटात, अंग सूटमध्ये, बाकीचा देह गाडीच्या पोटात. बघणाऱ्याला वाटतं, पळते ती गाडी, हा नुसता बसलाय. पेजचं काम तेवढंच: आत बसलेला माणूस काय करतोय ते बाहेर आणायचं. खाली लिहिलंय ते सगळं त्यासाठीच आहे.

आधी दारं-खिडक्या नीट लावून घ्या

हे कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचंय. पोरगं तेरा वर्षांच्या खालचं असेल तर इन्स्टावर त्याचं स्वतःचं खातं चालत नाही. आई-बापाने चालवायचं आणि तसं बायोमध्ये लिहायचं. खात्याच्या नावात गाडीचा नंबर घालू नका. फॉर्म्युला वनमध्ये २०१४ पासून ड्रायव्हर स्वतःचा नंबर स्वतः निवडतो. आपल्या पोरांना मात्र आयोजक देतील तो नंबर. आम्ही पहिल्या वर्षीचा नंबर नावात घातला, दुसऱ्या वर्षी दुसरा मिळाला, आणि सहा महिने लोक भलत्याच गाडीला टॅग करत होते. पासवर्ड घरातल्या दोघांकडे असू द्या. दोन टप्प्यांची पडताळणी लावा आणि तिचा नंबर अशा माणसाचा द्या, ज्याचा फोन शर्यतीच्या दिवशी चालू असतो. बायोत तीन गोष्टी पुरतात: गाव, सध्या कोणत्या स्पर्धेत पळतो, आणि संपर्काचा ईमेल. ‘ड्रीमर, बिलीव्हर, अचीव्हर’ वगैरे काढून टाका.

काय दाखवायचं

आमचं पेज हललं ते एका व्हिडिओने, तो नेमका कसा होता ते सांगतो.

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. दुपारी सराव संपला. पोरगा पिटच्या, म्हणजे गाड्यांची कामं करायच्या जागेच्या, मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता, सूट कमरेपर्यंत उतरवलेला, आतला आगरोधक बनियन पिळून काढावा असा भिजलेला. मी विचारलं, “त्या वळणावर तू मागे का पडतोयस?” त्याने उत्तर द्यायला टेबलावरची पाण्याच्या बाटल्यांची तीन झाकणं उचलली. बिस्किटाचा पुडा आडवा ठेवला, तो कर्ब, म्हणजे वळणाची कड. एक झाकण म्हणजे तो स्वतः. “हे बघ दादा, मी इथनं आत घुसतोय, लवकर. आत लवकर गेलं की बाहेर पडताना जागा उरत नाही, मग ॲक्सिलरेटर सोडावा लागतो. हा पुढचा काय करतोय, बाहेरच थांबतोय, उशिरा वळतोय, आणि मग सरळ रेषेत सुटतोय.” आणि दुसरं झाकण त्याने बोटाने टिचकी मारून टेबलावरून खाली उडवलं. त्याच्या तळहाताला फोड आले होते, तेही त्यात दिसले.

अडतीस सेकंद. ना संगीत, ना ज्वाळा. मी मराठीत एकच ओळ लिहिली: “बिस्किटाचा पुडा कर्ब समजा.”

रात्री एका एसटी चालकाची कमेंट आली: करूळ घाटात गाडी वळवताना आम्ही पण बाहेरनंच घेतो, आतनं घेतली की मागचं चाक कठड्याला. त्याला उत्तर द्यायला आणखी दोघे चालक आले. मग कोण चुकतं, कोण बरोबर, यावर दोन दिवस चर्चा. त्यातल्या बऱ्याच लोकांनी आयुष्यात एकही शर्यत पाहिलेली नव्हती. पण वळण सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हापासून माझी यादी बदलली. ट्रॉफीचा फोटो टाकतोच, टाकावाच लागतो, पण लोक थांबतात ते दुसऱ्या गोष्टींवर. कार्ट चालवताना बरगड्यांना पट्टा बांधतात तो का, तर सीट कडक असते, सस्पेन्शन नसतं, आणि प्रत्येक वळणाला शरीर कडेवर आदळतं. पट्टा काढल्यावरचे निळे डाग. शर्यतीआधी आणि नंतर वजनकाट्यावर उभा राहिलेला पोरगा आणि त्यात पडलेला दीड किलोचा फरक. मान मजबूत करायला हेल्मेटला रबर बांधून करायचा व्यायाम, आमच्याकडे तो जिन्याच्या कठड्याला रबर बांधून करतो आणि शेजारच्या आजी रोज विचारतात, “बाळा, मान आखडली का?” मेकॅनिक टायरमधली हवा का कमी करतो, अर्ध्या पीएसआयने काय फरक पडतो. वजन तपासणीत गाडी हलकी भरली तर निकाल कसा जातो. यातलं काहीही ट्रॅकवर दिसत नाही, म्हणूनच ते दाखवायचं.

जिंकल्याशिवाय कोण विचारतं, असं मामा म्हणायचे. त्यांना मी लँडो नॉरिसचं उदाहरण देतो. २०१९ साली तो मॅक्लारेनमधून फॉर्म्युला वनमध्ये आला. मार्च २०२० मध्ये मेलबर्नची शर्यत कोरोनामुळे ऐनवेळी रद्द झाली आणि सगळे ड्रायव्हर घरी बसले. नॉरिसने ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या साइटवर घरून सिम्युलेटरवर गाडी पळवायला सुरुवात केली, चालू प्रक्षेपणात दुसऱ्या ड्रायव्हरांना फोन लावायचा, चेष्टा करायचा. आभासी बहरीन शर्यतीत तर त्याचा कॉम्प्युटरच अडून बसला, आणि तो कसा वैतागतोय हेच लोक मिटक्या मारत बघत बसले. कोरोनाच्या मदतनिधीसाठी ठरवलेली रक्कम जमली तर टक्कल करीन म्हणाला. जमली, आणि डोक्यावर मशीन फिरवलं. जॉर्ज रसेल, अलेक्स अल्बॉन आणि शार्ल लेक्लेर हेही त्याच्या जोडीला यायचे. चौघे चार टीमचे, पण बघणाऱ्याला वाटायचं एकाच कट्ट्यावरचे. त्याची पहिली शर्यत जिंकायला मे २०२४ उजाडलं, मायामीत. २०२५ ला तो विश्वविजेता झाला. म्हणजे लोक त्याच्या मागे आले ते विजयाच्या चार वर्षं आधी, त्याने हेल्मेट काढून बसायचं ठरवलं तेव्हा.

नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये फॉर्म्युला वनवर मालिका आणली, तिच्या पहिल्या भागमालेत मर्सिडीज आणि फेरारी नव्हत्याच. सगळ्यात पुढच्या दोन टीम बाहेर, आणि तरी मालिका गाजली. हास टीमचा तेव्हाचा प्रमुख गुंथर स्टायनर त्यातून घराघरात पोचला, तोही टेबल आपटत आणि शिव्या देत. मधल्या फळीतला माणूस दाखवला तर लोक बघतात, हे त्यानंतर कुणी नव्याने सिद्ध करायची गरज नाही. गंमत म्हणजे त्याआधीच्या जमान्यात, बर्नी एक्लस्टन यांच्या हातात कारभार होता तेव्हा, ड्रायव्हरला पॅडॉकमधला, म्हणजे टीमच्या आवारातला, साधा व्हिडिओ टाकायचीही मुभा नव्हती. २०१७ ला लिबर्टी मीडिया ही कंपनी नवी मालक म्हणून आली आणि ते दार उघडलं.

आपल्याकडचंही बघा. पुण्याच्या डायना पुंडोले यांनी २०२४ मध्ये राष्ट्रीय कार रेसिंगमध्ये सलून, म्हणजे नेहमीच्या बंद गाड्यांच्या, गटाचं विजेतेपद मिळवलं, पुरुषांबरोबर पळून. माझ्या दुकानात बसणाऱ्या चार टाळक्यांना त्यांची लॅपची, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीची, वेळ माहीत नाही. ‘दोन पोरांची आई’ हे मात्र चौघांनाही माहीत. याचं कुणाला वाईट वाटू शकतं, मलाही थोडं वाटतं, पण लोकांच्या डोक्यात माणूस शिरतो तो असाच, कुठल्यातरी ओळखीच्या दारातून. एकदा आत आला की मग लॅपची वेळ सांगा.

फोनने शूट करताना

फ्लेक्सच्या धंद्यामुळे मला फोटोतलं थोडं कळतं, असा माझा समज होता. ट्रॅकवर तो पहिल्याच दिवशी गेला. धावत्या कार्टचे मी साठ फोटो काढले आणि साठही फोटोंत कार्ट पार्क केल्यासारखी दिसत होती. कारण भर उन्हात फोन आपोआप शटर एवढा वेगवान करतो की चाकाच्या आऱ्यासुद्धा गोठतात. उपाय सोपा: कॅमेऱ्यात प्रो मोड असेल तर शटर एकशेविसावा भाग सेकंद किंवा त्याहून हळू ठेवा, आणि गाडी येताना तिच्याबरोबर कमरेतून वळत फोन फिरवा. पायांवर नाही, कमरेवर. दहातले नऊ फोटो वाया जातील. दहाव्यात गाडी स्पष्ट आणि मागचं जग पुसलेलं येईल. त्यासाठी सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी साडेचारनंतरचं ऊन चांगलं; दुपारी बाराला सगळंच पांढरं फटक.

जाळीमागून काढत असाल तर लेन्स जाळीच्या भोकाला टेकवा, जाळी नाहीशी होते. पिट लेनमध्ये फोन बघत मागे मागे चालू नका, कुणीतरी तुम्हाला उडवेल आणि चूक तुमचीच असेल. गाडीवर कॅमेरा लावायचा असेल तर आयोजकांना आधी लेखी विचारा. काही स्पर्धांत परवानगी नसते, काहींत ऑनबोर्ड चित्रणावर हक्क त्यांचा असतो, आणि सैल बसलेला कॅमेरा उडून मागच्याच्या हेल्मेटावर बसला तर तुमचं पेज नाही, पोराचं लायसन्स जाईल.

आवाजाकडे लोक लक्ष देत नाहीत, म्हणून तुम्ही द्या. ट्रॅकवर वारा असतो, जनरेटर असतो, लाऊडस्पीकर असतो. बोलायचं असेल तर गाडीत बसा आणि काचा वर करा. आमच्या मामांची जुनी गाडी हाच आमचा स्टुडिओ आहे.

मजकूर मराठीत लिहा. मी सुरुवातीला इंग्रजीत लिहायचो, ‘ब्लेस्ड अँड ग्रेटफुल’ असलं काहीतरी, कारण सगळेच तसं लिहितात. मराठीत लिहायला लागल्यावर लाईक काही फार वाढले नाहीत, पण लोक बोलायला लागले. परराज्यातला प्रायोजक असेल तर खाली एक ओळ इंग्रजीत टाका. आणि ‘पी सेव्हन’ असं लिहून सोडू नका. किती गाड्या होत्या, कितव्या जागेवरून निघाला, किती जणांना मागे टाकलं, ते लिहा. एकवीस गाड्यांत चौदाव्या जागेवरून सातवा, ही बातमी आहे. नुसता सातवा म्हणजे काहीच नाही.

चारही कोपरे बघा

दुकानात आम्ही प्रूफ बघितल्याशिवाय प्रिंट काढत नाही. ‘चि.’ आणि ‘कै.’ची एकदा अदलाबदल झाली तेव्हापासून तर नाहीच. पण पेजवर ती शिस्त मी पाळली नाही. क्वालिफाइंगच्या, म्हणजे पात्रता फेरीच्या, आधी मेकॅनिक आणि पोरगा हसत उभे आहेत असा झकास फोटो टाकला. मागे पांढरा बोर्ड. बोर्डावर टायरचं प्रेशर, गिअरचं प्रमाण, सगळं मार्करने लिहिलेलं. वीस मिनिटांत शेजारच्या तंबूतला एक जण येऊन मेकॅनिकला म्हणाला, “तुमचं मागच्या टायरचं प्रेशर भारी कमी ठेवलंय हो.” मेकॅनिकने मला काय ऐकवलं ते इथे छापता येत नाही.

नंतर कळलं, मी एकटा नाही. फॉर्म्युला वनच्या २०१२ च्या बेल्जियन शर्यतीला, स्पा इथे, लुईस हॅमिल्टन पात्रता फेरीत जेन्सन बटनच्या बराच मागे पडला. दोघे एकाच टीमचे, पण गाड्यांचे मागचे पंख वेगळे लावलेले. आपण सरळ रस्त्यावर कुठे हरलो हे दाखवायला हॅमिल्टनने टीमच्या टेलिमेट्रीचा, म्हणजे गाडीच्या वेगाच्या नोंदींचा, कागदच ट्विटरवर टाकला. टीमने तो काढायला लावला, पण तोवर ज्यांनी बघायचा त्यांनी बघितला होता. शर्यतीत पहिल्याच वळणावरच्या धडकेत तो बाद झाला आणि बटन जिंकला. महिन्याभरानंतर दुसरी गंमत: बटनने आपल्याला अनफॉलो केलं म्हणून हॅमिल्टनने जाहीर नाराजी दाखवली, आणि मग लक्षात आलं की बटन त्याला फॉलो करतच नव्हता. आज तोच हॅमिल्टन या खेळातला सर्वात जास्त फॉलोअर असलेला ड्रायव्हर आहे. जानेवारी २०२५ मध्ये फेरारीत दाखल होताना मारानेल्लोत एन्झो फेरारींच्या घरासमोर काळा कोट घालून, शेजारी लाल एफ४० ठेवून त्याने फोटो टाकला. तो फोटो फ्लेक्सवाल्याच्या नजरेने बघा: दार, गाडी, माणूस. बाकी काही नाही. कुठला कोपरा दुर्लक्षित नाही.

तर फोटो टाकण्याआधी तो मोठा करा आणि चारही कोपऱ्यांत बोट फिरवा. बोर्ड, लॅपटॉपचा पडदा, कुणाच्या गळ्यातला पास, कुणाच्या गाडीची नंबरप्लेट, कपडे बदलणारं दुसरं पोरगं. मग मामींना पाठवा. आमच्या घरात हा नियमच आहे: मामींना त्यात आपला पोरगा ओळखू आला तर फोटो जातो.

विकत घेतलेले फॉलोअर

हो, मीही घेतले. पाच हजार. एकाने दुकानात येऊन सांगितलं की प्रायोजक आधी आकडा बघतात, आणि जेवणाच्या बिलाएवढ्या पैशात त्याने दोन दिवसांत आकडा करून दिला. मला वाटलं, फ्लेक्सवर तरी काय वेगळं करतो आपण, चार माणसांच्या सभेला ‘प्रचंड’ लिहितोच की.

मग शिरोली एमआयडीसीतले एक कारखानदार मदत करायला तयार झाले. माणूस साधा, चष्मा नाकावर, समोर चहा. म्हणाले, “पेज उघडा बरं. हे लोक कुठले आहेत?” मी आकडेवारीचं पान उघडलं. वरच्या पाच शहरांत कोल्हापूर नव्हतं. त्यातल्या दोन शहरांची नावं मला उच्चारताही येईनात. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, “ह्यांना माझं बेअरिंग लागतं का?”

ते पाच हजार काढायला मला दोन महिने लागले, रोज दुपारी जेवल्यावर बसून एकेक. आकडा दोन हजारांवर आला. वर्षभराने त्याच गृहस्थांकडे पुन्हा गेलो. या वेळी आकडा सांगितलाच नाही. एसटी चालकांच्या त्या कमेंटचा प्रिंट काढून नेला होता, शिवाय गेल्या तीन महिन्यांत कोणत्या पोस्ट लोकांनी साठवून ठेवल्या, किती जणांनी दुसऱ्याला पाठवल्या, किती जण कोल्हापूर-सांगली-इचलकरंजीचे, आणि किती जणांनी ‘कार्टिंग कुठे शिकवतात’ असं मेसेजमध्ये विचारलं, एवढं एका पानावर. त्यांनी एका मोसमाच्या टायरचा खर्च उचलला. फार नाही, पण खरे पैसे.

प्रायोजकाला दर शर्यतीनंतर असंच एक पान पाठवा, न मागता, चार दिवसांच्या आत. त्यांचा लोगो कुठे दिसला याचे तीन फोटो त्यात असू द्या. आणि पैसे किंवा माल घेऊन पोस्ट केली असेल तर तसं पोस्टवर स्पष्ट लिहा. भारतात २०२१ पासून ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलचे तसे नियम आहेत, आणि नियम नसते तरी लोकांना वास येतोच. एक बारीक गोष्ट: धंद्याच्या खात्यावर हवं ते फिल्मी गाणं लावता येत नाही, जाहिरातीत तर नाहीच. इंजिनाचा आवाज फुकट आहे, तो वापरा.

शर्यतीच्या दिवशी, आणि वाईट दिवशी

हेल्मेट चढवायच्या चाळीस मिनिटं आधी फोन बंद. त्याचा नव्हे, माझा. हे मला त्यानेच सांगितलं, एकदाच, आणि न रागावता: “दादा, तू कॅमेरा धरलास की मी चेहरा करतो. चेहरा करत करत गाडीत बसलो की पहिला लॅप त्यातच जातो.” तेव्हापासून त्या वेळात मी टायरचे फोटो काढतो. पोराला कॅमेरा आवडत नसेल तर जबरदस्ती नको. फॉर्म्युला वनचा सेबॅस्टियन व्हेटल चार वेळा विश्वविजेता झाला तरी इन्स्टावर नव्हता. २८ जुलै २०२२ ला त्याने खातं उघडलं ते निवृत्ती सांगायला, आणि जग तिथे गोळा झालं.

धडक झाली तर आधी घरी फोन. पोस्ट नंतर. मामींना पोराचा अपघात कुणाच्या तरी स्टोरीतून कळला, असं आमच्याकडे एकदा झालंय, आणि ते मी आयुष्यात पुन्हा होऊ देणार नाही. दोन्ही ड्रायव्हर ठीक आहेत हे कळेपर्यंत काहीच टाकायचं नाही. व्हिडिओ हातात असला तरी नाही. चूक कुणाची यावर स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, बोलतील, आपण नाही. ज्याला आज नावं ठेवाल तो पुढच्या रविवारी शेजारच्याच तंबूत असतो आणि त्याच्या बापाकडूनच आपण जॅक मागून आणतो. तुमच्या पोराची चूक असेल तर त्याच्याच शब्दांत दोन ओळी, आणि विषय संपला.

‘मी’ म्हणून लिहायचं तर शब्द त्याचेच हवेत. आमचा रिवाज असा: तो मला व्हॉट्सॲपवर बोलून पाठवतो, मी ते उतरवतो, शुद्धलेखन सुधारतो, विशेषणं घालत नाही. माझं स्वतःचं काही असेल तर शेवटी ‘टीम’ असं लिहितो.

थेट प्रक्षेपणाबद्दल सावध राहा. तिथे प्रूफ बघता येत नाही. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतल्या नॅसकार स्पर्धेचा काइल लार्सन ऑनलाइन शर्यतीत माइक बंद आहे समजून वंशवाचक शिवी बोलला, आणि दोन दिवसांत टीमने त्याला काढलं. मे महिन्यात फॉर्म्युला ई या विजेच्या गाड्यांच्या स्पर्धेतल्या डॅनियल आब्टने घरच्या आभासी शर्यतीत स्वतःच्या जागी दुसऱ्याच सराईत खेळाडूला बसवलं. ते उघडकीला आलं आणि त्याच्या टीमने, आउडीने, त्याला निलंबित केलं. दोघांनाही ते ‘खेळातला खेळ’ वाटलं असणार. आमच्या पोराला मी सांगून ठेवलंय: हेडफोन कानात असेपर्यंत माइक चालूच आहे असं समज.

आणि नशिबाचा एक दिवस येतो, तो ओळखता यावा लागतो. फेब्रुवारी २०१२ ची डेटोना ५००, नॅसकारची मोठी शर्यत. हुआन पाब्लो मोंटोयाची गाडी ट्रॅक वाळवणाऱ्या जेट इंजिनाच्या ट्रकवर आदळली, इंधन पेटलं, आणि शर्यत थांबली. सगळ्या गाड्या ट्रॅकवर उभ्या. त्यातल्याच एका ड्रायव्हरच्या, ब्रॅड केसेलोव्स्कीच्या, खिशात फोन होता. त्याने सीटवरूनच आगीचा फोटो काढला आणि ट्विटरवर टाकला, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत बसला. त्या थांबलेल्या दोन तासांत त्याचे फॉलोअर लाखाहून जास्त वाढले. त्याने काही योजना केली नव्हती. लाखो लोक टीव्हीवर बाहेरून आग बघत होते, आणि हा एकटा आतून दाखवत होता. त्याच वर्षाच्या शेवटी फिनिक्सच्या शर्यतीत गाडीत फोन ठेवल्याबद्दल त्याला पंचवीस हजार डॉलर दंड झाला, आणि पुढच्याच आठवड्यात तो त्या मोसमाचा विजेता झाला. तुमच्या पोराला गाडीत फोन नेऊ देऊ नका. पण पावसाने शर्यत थांबली आणि सगळे तंबूत अडकले, तर तुमचा फोन बाहेर काढा. गेल्या पावसात पाच टीमची पोरं एकाच ताडपत्रीखाली कार्टच्या टायरवर बसून इडली खात होती. त्या रीलवर अजून लोक येतात.

मोसम नसताना काय, असं विचारतात. सध्या आमच्या गड्याची बारावी आहे. पेजवर गाडी कमी, पुस्तकं जास्त. गेल्या आठवड्यात त्या एसटी चालकांनी विचारलं की पावसात वळण घेताना लाइन बदलता का. आज दुपारी पोराने भौतिकशास्त्राच्या वहीवर झाकणं मांडून उत्तर दिलंय: कोरड्यात गाड्या जिथून जातात तिथे रबर बसलेलं असतं, पावसात नेमकं तेच निसरडं होतं, म्हणून ओल्यात त्या रेषेच्या बाहेरून जायचं. व्हिडिओ सव्वादोन मिनिटांचा आहे, मला तो चाळीस सेकंदांवर आणायचाय. पहिले अकरा सेकंद नुसता पंख्याचा आवाज आहे, ते आधी कापतो.